देवीला कुठं शेण लागतंय?



दिवेलागणीची वेळ आहे. कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुणी गटाची बैठक आटोपून हिशोबाची वही मिटत असेल. हातातलं काम सोडू नका, कान तेवढा इकडे द्या.

आम्ही मुंबईच्या उपनगरातून, घाटकोपरहून आलोय. इथे असल्फ्याच्या बाजूला डोंगराच्या उतारावर एकावर एक घरं चढलेली आहेत. त्या वस्तीतल्या बचत गटांचं काम आम्ही बघतो. आमच्या गटांत धुणीभांडी करणाऱ्या आहेत, भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या आहेत, घरी बसून पॅकिंगचं काम करणाऱ्या आहेत. कुणी साताऱ्याची, कुणी रत्नागिरीची, कुणी जालन्याची. गाव सोडलं तरी गावची बोली आणि गावची ओढ सुटलेली नाही. तेव्हा आम्हाला शहरातल्या बाया म्हणून परक्या समजू नका.

आज आम्ही नाटकाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गटाचा आणि नाटकाचा काय संबंध? पण बघा, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, ८ मार्चला महिला दिन असतो. प्रत्येक वेळी गटाला निरोप येतो, 'पंधरा मिनिटांचं काहीतरी बसवा.' मग आपण काय करतो? एकजण लिहिते, बाकीच्या पाठ करतात, कुणीतरी पांढरं लुगडं नेसून उभी राहते, टाळ्या होतात, चहा होतो, संपलं. आमचंही असंच चाललं होतं. ते का बदललं आणि बदलताना काय झालं, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ३ जानेवारीला आमच्या समाजमंदिरात आम्ही सावित्रीबाईंवर नाटुकलं केलं. गटात जिचा आवाज खणखणीत आणि बोलणं शुद्ध, तिला सावित्रीबाई केलं. भाषण आम्हीच लिहिलं होतं. बी.ए. झाल्याचा सगळा माल त्यात ओतला होता. 'अज्ञानाचा अंधकार' काय, 'ज्ञानाची ज्योत' काय! आमच्या सावित्रीबाई मधोमध ताठ उभ्या राहिल्या, हात वर करून बोलल्या. बाजूने दोघींनी शेणाचे म्हणून कागदाचे गोळे फेकले. त्या हलल्यासुद्धा नाहीत. आम्हाला वाटलं, वा! काय तेज!

पण मागच्या रांगेत बाया आपसात बोलत होत्या. पाणी कधी येणार, रेशनला मशीन चालू आहे का, असं. नाटक संपल्यावर एक आजी आल्या, साताऱ्याकडच्या. आम्ही विचारलं, "आजी, कसं झालं?" त्या म्हणाल्या, "झ्याक झालं. पर ती देवीवानी हुबी व्हती गं. देवीला कुठं शेण लागतंय?"

मैत्रिणींनो, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आजींनी एका वाक्यात आमची चूक दाखवली होती. आम्ही सावित्रीबाईंचा फोटो उभा केला होता. फोटोला भीती वाटत नाही, फोटोचं लुगडं ओलं होत नाही. आणि जिला भीतीच वाटत नाही, तिच्या धैर्याचं बाईमाणसाला काय कौतुक? ते आपल्याला जमण्यातलं नाही म्हणून आपण हात जोडतो आणि रेशनचा विषय काढतो.

मग आम्ही शोधायला लागलो, की खऱ्या नटनट्या हे काम करतात तरी कसं? एखाद्या माणसाची भूमिका करायची म्हणजे आधी काय काय करतात?

तेव्हा आम्हाला सुषमा देशपांडे यांच्या कामाची माहिती झाली. तुमच्यापैकी काहींनी त्यांचा प्रयोग पाहिलाही असेल. नाव 'व्हय, मी सावित्रीबाई'. एकाच बाईने सगळं करायचं, म्हणजे एकपात्री. लिहिलं त्यांनी, बसवलं त्यांनी, केलं त्यांनी. १९८९ पासून त्यांनी हा प्रयोग केला, शहरात केला तसा गावोगावीही केला. पुढे दुसऱ्या अभिनेत्रींनीही तो केला. सुषमाताई आधी पत्रकार होत्या. म्हणजे विचारणं, शोधणं, ऐकून घेणं हे त्यांच्या हाताला लागलेलं काम होतं. तेच त्यांनी नाटकात आणलं.

नुसतं नाव बघा. 'होय' नाही, 'व्हय'. या एका शब्दात बाई उभी राहते. ही नायगावची, सातारा जिल्ह्यातली शेतकऱ्याची लेक आहे, ती आपल्यासारखंच बोलणार, हे कळतं. आम्ही अंधकार आणि ज्योत लिहीत बसलो होतो, आणि इथे एका 'व्हय'मध्ये काम झालं होतं.

सुषमाताईंनी पुढे तमाशात काम करणाऱ्या बायकांच्या आयुष्यावरही एक प्रयोग केला. 'तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड' असं त्याचं नाव. त्यासाठी त्या तमाशातल्या बायकांशी जाऊन बोलल्या. ज्यांची गोष्ट सांगायची, त्यांच्यापाशी आधी बसायचं, ही त्यांची रीत.

ही रीत जुनी आहे आणि जगभर आहे. रशियात स्तानिस्लाव्हस्की नावाचे मोठे नट आणि दिग्दर्शक होऊन गेले. १९०२ साली त्यांनी गॉर्कीचं एक नाटक बसवायला घेतलं. त्यात सगळी माणसं धर्मशाळेसारख्या एका कळकट निवाऱ्यात राहणारी, कामधंदा गेलेली, दारूत बुडालेली. नट होते खात्यापित्या घरचे. तेव्हा स्तानिस्लाव्हस्की आपल्या मंडळींना घेऊन मॉस्कोतल्या खित्रोव्ह बाजारात गेले. तिथे तसेच निवारे होते. ती माणसं कशी झोपतात, कशी बोलतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढे त्यांनी नटांना शिकवलं, की भूमिकेचा नुसता मुखवटा लावू नका. स्वतःला विचारा, 'मी जर या माणसाच्या जागी असतो, त्याच दिवशी, त्याच घरात, तर मी काय केलं असतं?' सगळी भिस्त त्या 'जर'वर.

आम्हीही ठरवलं, पुढच्या ३ जानेवारीला पुन्हा सावित्रीबाईच करायच्या, पण आधी विचारायचं. दिवाळीनंतर दर रविवारी दुपारी बसायला लागलो. या वेळी सावित्रीबाईंचं काम दिलं आमच्या एका भाजीवाल्या ताईंना. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं, शाळा चौथीपर्यंत. त्या म्हणाल्या, "मला पाठ व्हायचं नाही हां." आम्ही म्हटलं, "पाठ करायचंच नाही. आधी फक्त माहिती काढायची."

पहिला प्रश्न अगदी साधा. वय काय? सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा. पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली १८४८ साली. वजाबाकी केली. सतरा! मैत्रिणींनो, आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत राहिलो. जयंतीला आपण जो फोटो लावतो, त्यात प्रौढ, कपाळाला आडवी चिरी लावलेली बाई असते. त्यामुळे आपल्या डोक्यात शेण झेलणारी बाईही तशीच पोक्त असते. पण शाळेत शिकवायला निघालेली ती सतरा वर्षांची पोर होती.

भाजीवाल्या ताई पटकन म्हणाल्या, "म्हणजे आपल्या काकूंच्या पोरीएवढी!"

काकू तिथेच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची गोष्ट पुढे येईल.

मग ताईंनी स्वतःचा अभ्यास सुरू केला. त्या जिथे भाजी घेऊन बसतात, तिथे समोर बसथांबा आहे. कॉलेजच्या मुली तिथे उभ्या असतात. आठ दिवस त्यांनी गिऱ्हाईक करता करता त्या मुलींना पाहिलं. रविवारी येऊन आम्हाला करून दाखवलं. म्हणाल्या, "पोरी दोघी-दोघी येतात. पिशवी पाठीला नसते, पुढे छातीशी धरतात. खिदळत असतात, आणि मोटारसायकल जवळून गेली की एकदम गप्प होतात. गेली की परत हसतात." आणि त्या चालून दाखवायला लागल्या. चौतीस वर्षांच्या, तीन लेकरांच्या आई, पण आमच्यासमोर सतरा वर्षांची पोर चालत होती. कुणाला हसू आलं नाही.

दुसरा प्रश्न, वाट कोणती? आम्ही दहाजणी वर्गणी काढून पुण्याला गेलो. गंज पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा आहे, तो पाहिला. तिथली विहीर पाहिली, जोतीरावांच्या समाधीला हात जोडले. तिथून बुधवार पेठेत भिडे वाड्याच्या जागेपर्यंत पायी गेलो. अंतर फार नाही, रमतगमत गेलं तरी अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. त्या काळचे वाडे आता नाहीत, गाड्यांची गर्दी आहे. पण वाट शहरातून जाते हे कळलं. आम्हाला वाटायचं, कुठेतरी आडरानात चारदोन गुंडांनी शेण मारलं असेल. तसं नाही. ही भरवस्तीतली वाट होती. दारं, खिडक्या, ओटे, सगळीकडून बघणारी माणसं. आणि ही वाट एकदा नाही, रोज चालायची. काल ज्या कोपऱ्यावर शेण अंगावर आलं, आज त्याच कोपऱ्यावरून वळायचं. ताई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी हिंमत लागत नाही, तेव्हा माहीतच नसतं. दुसऱ्या दिवशी लागते." हे वाक्य आम्ही जसंच्या तसं नाटकात घातलं.

तिसरा प्रश्न शरीराचा. आम्ही फडक्यांचे गोळे करून चिखलात भिजवले. ताईंना नऊवारी नेसवली. आधीच सांगून गोळा फेकला, तर त्या हसल्या. मग एकदा, त्या बोलण्यात गुंग असताना, न सांगता मागून फेकला. त्या दचकल्या, आणि त्यांचा हात कुठे गेला माहीत आहे? तोंडावर नाही. पदरावर. आधी पदर सावरला आणि मग वळून पाहिलं. आमच्यातली एकजण म्हणाली, "आपलं असंच असतं. मार लागला तरी आधी पदर."

सावित्रीबाई सोबत एक जादा लुगडं ठेवायच्या, शाळेत गेल्यावर भिजलेलं बदलायच्या, असं आपण ऐकलेलं आहे. पण ताईंनी विचारलं, "बदलायच्या कुठं? तिथं तर शाळा भरलेली. बारक्या पोरी बसलेल्या. आडोसा होता का? आणि ते घाण झालेलं लुगडं दिवसभर कुठं ठेवायचं? घरी गेल्यावर धुवायचं कुणी?" याचं उत्तर कुठल्या भाषणात नव्हतं. पण हा प्रश्न नटीला पडला म्हणूनच तिला ती बाई कळली. आम्ही नाटकात तो प्रसंग तसाच ठेवला. सावित्रीबाई पाठमोऱ्या होऊन लुगड्याचा ओला भाग पिळतात, आणि दोन लहान मुली त्यांच्यासमोर चादर धरून उभ्या राहतात. संवाद नाही. त्या दिवशी समाजमंदिरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पण ते पुढे.

चौथा प्रश्न बोलण्याचा. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं छापलेली आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचं समग्र वाङ्मय काढलं आहे, डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं. ते मिळालं तर गटात जरूर वाचा. त्यातलं पहिलं पत्र १८५६ सालचं आहे. सावित्रीबाई आजारी पडून नायगावला माहेरी गेल्या होत्या. तिथे भावाशी वाद झाला. भाऊ म्हणाला, की तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी काम करता, हे बरं नाही, जातीच्या रीतीने वागा. सावित्रीबाईंनी त्याला चांगलं उत्तर दिलं. तू गायीशेरडांना कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि माणसाला मात्र अस्पृश्य मानतोस, अशा अर्थाचं.

हे आम्ही ताईंना वाचून दाखवलं. पहिल्यांदा त्या जोरात, भांडणासारखं बोलल्या. मग थांबल्या. म्हणाल्या, "नाही. हे असं होणार नाही. आजारी आहे ती. आणि माहेरी आहे. माहेरी भावाशी भांडताना आवाज चढवता येत नाही. आतल्या घरात आई असते, तिला त्रास नको. वहिनी ऐकत असते." आणि त्यांनी तेच सगळं हळू आवाजात, भावाच्या डोळ्यांत बघत सांगितलं. मैत्रिणींनो, हळू आवाजातलं ते बोलणं जास्त लागलं. ताईंचं शिक्षण चौथी, पण ते पत्र आमच्या बी.ए.पेक्षा त्यांना जास्त कळलं. कारण माहेरी गप्प कसं बसावं लागतं आणि कधी बसवत नाही, हे त्यांना माहीत होतं.

आता काकूंची गोष्ट.

काकू उंच आहेत, आवाज भरदार, म्हणून त्यांना सासरे केलं. गोविंदराव फुले. एके काळी रंगभूमीवर बायकांची कामं पुरुष करायचे. बालगंधर्वांनी बाईचं नेसणं-चालणं असं काही उचललं, की खऱ्या बायका त्यांच्यासारखं नेसायला लागल्या. आमच्याकडे उलटं. काकू चार दिवस रिक्षाथांब्याजवळच्या कट्ट्यावरचे म्हातारे बघत बसल्या. म्हणाल्या, "घरात शिरायच्या आधी खाकरतात. पाणी मागत नाहीत, नुसता हात पुढे करतात."

बाह्यरूप तर मस्त जमलं. पण प्रसंग होता १८४९ चा. गोविंदराव मुलाला आणि सुनेला घराबाहेर जायला सांगतात. काकू दरवेळी डोळे वटारून ओरडायच्या, सिनेमातल्या खलनायकासारख्या. ते खोटं वाटायचं. आम्ही म्हटलं, "काकू, गोविंदरावांची माहिती काढूया."

माहिती अशी निघाली. जोतीराव तान्हे असतानाच त्यांची आई गेली. पोराला सगुणाबाईंनी सांभाळलं. घरचा धंदा फुलांचा, भाजीपाल्याचा, म्हणजे गिऱ्हाइकावर आणि चार लोकांच्या मर्जीवर चालणारा. याच गोविंदरावांनी पोराला शाळेत घातलं होतं, आणि लोकांच्या बोलण्यावरून शाळेतून काढलंही होतं. मग शेजारच्या दोघा जाणत्यांनी, गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी समजावलं, तेव्हा १८४१ मध्ये पुन्हा शाळेत घातलं. म्हणजे हा बाप शिक्षणाचा वैरी नव्हता. तो घाबरलेला होता.

काकू ऐकत होत्या. आम्ही म्हटलं, "आता तो 'जर' लावून बघा. त्या जागी तुम्ही असता तर?" काकू उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. जोतीराव झालेल्या बाईकडे बघितलंच नाही, दाराकडे बघत म्हणाल्या, "मला कळतंय रे तू चांगलं करतोस. पण मला उद्या ह्याच लोकांत उठायचं-बसायचंय. तू जा."

आणि खाली बसल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकूच म्हणाल्या, "हे मी घरी बोललेय. असंच."

काकूंच्या मुलीला दहावीला चांगले गुण होते. कॉलेज लांब, सुटायला संध्याकाळ होते, डोंगरावर चढून येताना वाटेत दिवे नाहीत, टवाळ पोरं बसलेली असतात. शेजारी म्हणाले, 'कशाला जीवाला घोर?' काकूंनी तिला घरी बसवलं. दोन वर्षं ती घरी होती. गटात आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं, आणि मागे आम्हीच आपसात म्हणत होतो, 'काकूंना कळत नाही.' खरं सांगतो, ते म्हणणं फार सोपं होतं. काकूंना सगळं कळत होतं. त्या घाबरल्या होत्या. हे आम्हाला गटाच्या बैठकीत कधी दिसलं नाही, नाटकाच्या तालमीत दिसलं.

सगळं गोडगोड झालं असं समजू नका. आमच्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याने ऐनवेळी सांगितलं, 'स्टेजवर नाचायचं नाही.' तिने काम सोडलं. आम्ही घरी जाऊन बोललो, उपयोग झाला नाही. तिच्या जागी दुसरीने केलं. ती प्रयोगालाही आली नाही. तिचं वाईट अजून वाटतं.

प्रयोग झाला. त्याच आजी पहिल्या रांगेत होत्या. शेणाचा गोळा आला, ताईंचा हात पदराकडे गेला, तेव्हा आजींचा हातही आपल्या पदराकडे गेला. आम्ही बाजूने बघत होतो. गोविंदराव 'तू जा' म्हणाले, तेव्हा लोकांनी त्यांना शिव्या घातल्या नाहीत. सगळे गप्प होते. पुरुष मंडळीसुद्धा. वाटतं, बऱ्याच जणांना ते वाक्य ओळखीचं होतं.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी, गटात करून बघण्यासारख्या.

तुम्हाला वाटेल, आपल्याला कुठे अभिनय येतो? 'मुलगी झाली हो' हे नाटक आठवा. ज्योती म्हापसेकर यांनी १९८३ साली लिहिलं, मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेने केलं. त्यात कामं करणाऱ्या बाया धंदेवाईक नट्या नव्हत्या. घर, नोकरी सांभाळून करायच्या. त्याचे हजारो प्रयोग झाले. तेव्हा येत नाही हे मनातून काढा.

एक, भाषण लिहायच्या आधी प्रश्न लिहा. ही बाई किती वर्षांची? कुठे राहते, घरात कोण कोण? सकाळी उठून पहिलं काय करते? तिला काय हवंय? ते मिळू नये म्हणून कोण आडवं येतं? ती कशाला भिते? हातात नेहमी काय असतं? ती कुणाशी खरं बोलते आणि कुणाशी नाही?

दोन, बघायला जा. विहिरीवर, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, एसटीत. नक्कल करायला नाही. हसं करण्यासाठी बघितलं की फक्त वरवरचं दिसतं. समजून घ्यायला बघितलं की आतलं दिसतं.

तीन, आपल्या नाटकातल्या वाईट माणसाचाही अभ्यास करा. दारुडा नवरा, खाष्ट सासू, सावकार. त्याचं वागणं बरोबर ठरवायचं नाही. पण तो असा का वागतो हे कळल्याशिवाय बघणाऱ्याला त्यात स्वतःचं तोंड दिसत नाही, शेजाऱ्याचंच दिसतं.

चार, आणि हे फार महत्त्वाचं. गावातल्या जिवंत बाईची गोष्ट घेणार असाल तर तिला आधी विचारा. ती 'नको' म्हणाली तर नको. 'हो' म्हणाली तरी नावगाव बदला, आणि चारचौघांत करण्याआधी तिला एकटीला दाखवा. तिचं दुःख तिचं आहे. आपल्याला ते टाळ्यांसाठी उचलून नेता येत नाही.

आणि तालीम संपली की सगळ्याजणी मिळून चहा घ्या. जिने रडायचं काम केलं तिला एकटीला घरी पाठवू नका. भूमिका अंगातून उतरायला वेळ लागतो.

जाता जाता एवढंच सांगतो. प्रयोगानंतर काकू मुलीबद्दल काही बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही. जानेवारी गेला, मे गेला. जूनच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या चालल्या होत्या. काकूंनी हात वर केला आणि साडेतीन हजार रुपये मागितले. वहीत कर्जाच्या कारणाचा रकाना असतो. आम्ही पेन हातात घेऊन विचारलं, "काकू, कारण काय लिहू?"

काकू आधी खाकरल्या, गोविंदरावांसारख्या. मग म्हणाल्या, "फी लिहा."

वाटेवर दिवे अजून लागलेले नाहीत. त्यासाठी आमचा अर्ज चालू आहे. तोवर संध्याकाळी सहा वाजता आमच्यातल्या दोघीजणी पाळीपाळीने डोंगराच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहतात. एकटी काकूंची मुलगी नाही, आता पाचजणी मिळून वर येतात. पिशव्या छातीशी धरून, खिदळत.

तुमच्या गटाचं ३ जानेवारीचं काय ठरलंय? ठरलं नसेल तर आजपासून प्रश्न विचारायला लागा.

नमस्कार.